छाती ७९, फुगवून ८४ : पोलीस भरतीतल्या टेपचा इतिहास

पोलीस भरती जाहीर झाली की माझ्या ओपीडीत एक ठरावीक गर्दी सुरू होते. वीस-बावीस वर्षांची मुले, पायात धावण्याचे बूट, आजार कोणालाच नाही. तक्रार मात्र बहुतेकांची एकच असते : "डॉक्टर, छाती फुगत नाही. काही औषध आहे का?"

मागच्या महिन्यात असाच एक मुलगा आला. मुंबई पोलीस दलात शिपाई व्हायचे म्हणून तीन वर्षे तयारी करतोय. धावणे उत्तम, गोळाफेक बरी. मागच्या भरतीत छाती न फुगवता ८० सेंटीमीटर भरली, फुगवून ८४. नियम आहे तो किमान ७९ आणि फुगवल्यावर ५ सेंटीमीटर वाढ. एका सेंटीमीटरने तो बाहेर पडला. घरी सगळ्यांनी निष्कर्ष काढला, याच्या फुप्फुसात काहीतरी आहे. आई सोबत आली होती ती क्षयाच्या भीतीने. "याच्या आजोबांना टीबी होता," असे तिने दोनदा सांगितले.

गंमत अशी, की छाती मोजायची पद्धत रुजली त्यामागेही हीच भीती होती.

एकोणिसाव्या शतकात क्षयावर औषध नव्हते आणि क्षयाचा जंतूही १८८२ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हता. अरुंद, चपटी छाती म्हणजे क्षयाकडे झुकणारी प्रकृती, असे त्या काळचे डॉक्टर मानत. सैन्यात घेतलेला जवान वर्षभरात खोकत परत जाऊ नये म्हणून त्याच्या छातीचा घेर बघितला जाई. एक्स-रे नव्हता, थुंकीची तपासणी नव्हती. टेप होता. ज्याच्याकडे टेप आहे तो टेपनेच मोजणार.

शहर पोलिसांची भरती त्याच सुमारास आकाराला येत होती. लंडनमध्ये रॉबर्ट पील यांनी १८२९ मध्ये महानगर पोलीस दल उभे केले तेव्हा उमेदवाराकडून अपेक्षा मोजक्या होत्या : वय पस्तिशीच्या आत, उंची किमान ५ फूट ७ इंच, प्रकृती चांगली, लिहिता-वाचता येणे. (या दलातला पहिल्या क्रमांकाचा शिपाई पहिल्याच दिवशी दारू प्यायल्यामुळे काढला गेला. उंची मोजता आली, बाकीचे राहून गेले.) आपल्याकडे मुंबईत १६७० च्या दशकात जेराल्ड ऑन्जियरने भंडारी लोकांचे पथक उभारले होते. तिथे टेपचा प्रश्नच नव्हता. मुंबईला पोलीस आयुक्त मिळाला १८६४ मध्ये, फ्रँक साउटर. पुढे इंग्रजी अमदानीत सैन्यातली मोजमापे पोलिसांकडे आली आणि स्वातंत्र्यानंतरही राहिली.

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस. जॉन हचिन्सन हा इंग्रज डॉक्टर. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णांना आम्ही नळीत जोरात फुंकायला लावतो, ती पीएफटी तपासणी तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. त्या यंत्राचा, म्हणजे स्पायरोमीटरचा, मूळपुरुष हा. १८४६ मध्ये त्याने दोन हजारांहून जास्त माणसांची फुंक मोजून निबंध प्रसिद्ध केला. त्यात खलाशी होते, आगीचे बंब चालवणारे होते, कुस्तीगीर होते, गरीबखान्यातली माणसे होती, आणि लंडनचे पोलीसही होते. खोल श्वास घेऊन पूर्ण बाहेर सोडलेल्या हवेला त्याने 'व्हायटल कपॅसिटी' असे नाव दिले. हा शब्द आम्ही आजही रिपोर्टवर लिहितो.

हचिन्सनला काय आढळले? ही क्षमता उंचीबरोबर वाढते, जवळजवळ हिशेबाने. वय वाढले की कमी होते. क्षयाच्या रुग्णात ती बाहेरून काही दिसण्याआधीच घटू शकते. पण नुसत्या छातीच्या घेरावरून ती सांगता येत नाही. रुंद छातीचा पैलवान कमी हवा सोडू शकतो आणि सडपातळ उंच माणूस जास्त. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एवढे कळले होते. तरी भरतीच्या मैदानावर टेपच टिकला, कारण तो स्वस्त आहे, खिशात मावतो आणि एका सकाळी हजार मुले मोजून होतात.

मग छाती फुगवणे अगदी निरर्थक आहे का? नाही. मणक्यांच्या संधिवातात (अँकिलॉसिंग स्पाँडिलायटिस) बरगड्यांचे सांधे आखडतात आणि छाती जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर फुगते, म्हणून त्या आजारात आम्हीही टेप काढतो. पण निरोगी मुलामध्ये ४ आणि ५ यांतला फरक बहुतेक वेळा फुप्फुसाचा नसतो. तो असतो श्वास घेण्याच्या सवयीचा. अनेक मुले खोल श्वास पोटाने घेतात, म्हणजे श्वासपटल खाली जाते, पोट पुढे येते आणि बरगड्या जागच्या जागी राहतात. हवा भरपूर आत गेलेली असते, टेपला मात्र ती दिसत नाही. टेप दोन बोटे वर-खाली धरला तरी आकडा बदलतो. घाबरलेला मुलगा आधीच छाती फुगवून उभा राहिला, तर त्याची 'न फुगवलेली' छाती जास्त भरते आणि वाढ कमी दिसते. माझ्या पेशंटचे नेमके हेच झाले असावे.

ऑगस्ट २०२३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयासमोर हा विषय वेगळ्या वाटेने आला. तिथे वनरक्षक पदाच्या महिला उमेदवारांचीही छाती मोजत असत. न्यायालयाने ते मनमानी आणि स्त्रीच्या सन्मानाला धक्का लावणारे म्हटले आणि फुप्फुसांची क्षमता ठरवण्याचा दुसरा मार्ग तज्ज्ञांना विचारून शोधायला सांगितले. ते वाचताना मला हचिन्सन आठवला. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत महिलांची छाती मोजत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण त्यामुळे असा प्रश्न उरतोच, की मुलींना ज्याची गरज नाही ते मुलांनाच का लागते?

टेपपेक्षा जास्त काळजी मला धावण्याची वाटते. सध्या शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. पूर्वी मुलांना ५ किलोमीटर धावावे लागे. जून २०१४ मध्ये मुंबईत ते धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि नंतर अंतर कमी करण्यात आले. २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत १० किलोमीटरच्या धावण्यात पुन्हा तरुण मुले गेली. मुंबईच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. त्यात मुलगा रात्रभर एसटीने आलेला, फुटपाथवर झोपलेला, पोटात काही नाही, 'पाणी प्यायलो तर जड होईल' म्हणून तहानलेला. धावताना बडबडायला लागला, अडखळायला लागला, तर तो थकलेला नाही, त्याला उष्माघात होतो आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि जिममध्ये मिळणारी ती इंजेक्शने नकोत. स्टेरॉइडने छातीचे स्नायू वाढतील, बरगड्यांची हालचाल वाढणार नाही. वृषणे लहान होतात, शुक्रजंतू घटतात, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल चढते. उंचीसाठीही बाजारात पावडरी आहेत. १६५ सेंटीमीटरला अर्धा कमी पडणारा मुलगा त्यासाठी हजारो रुपये घालवतो. हाडांची वाढीची टोके जुळली की कोणतीही पावडर ती उघडू शकत नाही. एवढे मात्र खरे, की मणक्यांमधल्या गाद्या दिवसभरात दबतात, म्हणून सकाळी उठल्यावर आपण संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटर उंच असतो.

सगळ्यात वाईट वाटते ते रंगांधळेपणाचे. शिनोबु इशिहारा या जपानी डॉक्टरने १९१७ मध्ये रंगीत ठिपक्यांत लपवलेल्या आकड्यांची पाने छापली, तीच आजही वैद्यकीय तपासणीत वापरतात. ही तपासणी सगळ्यात शेवटी येते. मैदान पार, लेखी पार, गावात पेढे वाटून झालेले, आणि मग बाविसाव्या वर्षी कळते की लाल-हिरव्यात आपला जन्मापासून गोंधळ आहे. दोष बहुधा आईकडून आलेल्या एक्स गुणसूत्रातून येतो, म्हणून मुलांमध्ये जास्त. यावर उपचार नाही. तपासायला मात्र दोन मिनिटे लागतात.

त्या मुलाची मी पीएफटी केली. त्याच्या उंचीला अपेक्षित असते त्यापेक्षा फुंक थोडी जास्तच निघाली. रिपोर्ट आईच्या हातात दिला आणि क्षय नाही हे दोनदा सांगितले. मग त्याला आरशासमोर उभे केले, आधी श्वास पूर्ण सोडायला लावला, दोन्ही हात बरगड्यांवर ठेवून हात बाहेर ढकलायला शिकवले. पंधरा मिनिटांनी टेप लावला तेव्हा ७९.५ आणि ८५ भरली. इशिहाराची पानेही त्याने धडाधड वाचली.

धाकटा भाऊ बाकावर बसून हे सगळे बघत होता. नववीत आहे, त्यालाही पोलीस व्हायचेय. आईच्या बाजूने येणारा दोष म्हणून त्यालाही पुस्तक दाखवले. ७४ लिहिलेल्या पानावर त्याने बोट ठेवले आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "एकवीस."