बार्सेलोनेत
फ्रान्सच्या आग्नेय भागातील आल्प-द-ओत-प्रोव्हांस विभागातील एक लहान डोंगराळ शहर व उपप्रशासकीय केंद्र. लोकसंख्या सुमारे २,६००. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,१३५ मी. उंचीवर, दुरान्सची उपनदी असलेल्या यूबे नदीच्या खोऱ्यात वसले आहे [⟶ आल्प्स पर्वत].

बार्सेलोनाच्या राजवंशातील प्रॉव्हान्सचा काउंट रेमाँ बेराँझे याने १२३१ मध्ये ते वसविले. नावही बार्सेलोनावरूनच पडले. १३८८ पासून ते सव्हॉयच्या ताब्यात होते. १७१३ च्या यूट्रेक्ट तहान्वये ते फ्रान्सकडे आले [⟶ यूट्रेक्टचा तह].

हिवाळ्यात शेती बंद पडली की येथील पुरुष पाठीवर कापडाचे गठ्ठे घेऊन दूरवर फेरीचा धंदा करीत. एकोणिसाव्या शतकात हाच व्यापार मेक्सिकोत पोहोचला. १८२१ च्या सुमारास खोऱ्यातील आर्नो बंधूंनी मेक्सिको सिटीत कापडाचे दुकान काढले. पाठोपाठ गावकरी व नातेवाईक तेथे नोकरीला जाऊ लागले. पुढे ‘एल पालासिओ दे इएर्रो’ यासारखी मोठी विभागीय भांडारे त्यांच्याच हाती होती. परतलेल्या धनिकांनी १८८० नंतरच्या काही दशकांत बांधलेल्या प्रशस्त बागबंगल्यांना ‘मेक्सिकन व्हिला’ म्हणतात. त्यांची धाटणी मात्र मेक्सिकन नाही. अशाच एका बंगल्यात खोऱ्याचे संग्रहालय आहे. १९४० मधील फ्रान्सचे पंतप्रधान पॉल रेनो यांचा जन्म येथलाच (१८७८). त्यांच्या वडिलांनीही मेक्सिकोतील कापडव्यवसायात पैसा मिळविला होता.

हल्ली पर्यटन हा मुख्य व्यवसाय असून प्रा-लू व ल सोझ ही स्कीइंगची केंद्रे जवळ आहेत. पूर्वेस लार्श खिंडीतून इटलीत जाता येते.