कुमारसाहित्यातील मैत्री, निष्ठा व वियोग : सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची कथा

मैत्री, निष्ठा आणि प्रियजनांचा वियोग हे कुमारवयीन वाचकांच्या वाङ्मयातील जुने व टिकाऊ विषय होत. मराठीत त्यांचा प्रारंभ पौराणिक कथांत आढळतो. कृष्ण-सुदामा व कर्ण-दुर्योधन या जोड्या मुलांच्या परिचयाच्या असतात. त्यानंतर शिवकालातील तानाजी, बाजी प्रभू, शिवा काशीद ही नावे येतात. ह. ना. आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी मुलांसाठी लिहिलेली नव्हे. परंतु मुलांच्या अनेक पिढ्यांनी ती आपली मानली. या कथांतील निष्ठा बव्हंशी स्वामिनिष्ठा आहे. तानाजीच्या मृत्यूने शिवाजी महाराजांना झालेले दुःख हे मित्राचे दुःख होते, असे कथाकार सुचवितात खरे. तथापि कथेचा भर सेवकाने धन्यासाठी दिलेल्या प्राणांवरच राहतो. बरोबरीच्या दोन माणसांची मैत्री, आणि तीही परक्या भूमीत कसोटीस लागलेली, या परंपरेत क्वचितच दिसते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०–९ डिसेंबर १९४२) यांची जीवनकथा ही उणीव भरून काढते.

वियोगाच्या बाबतीत मराठी कुमारवाङ्मय मुळीच भिडस्त नाही. साने गुरुजींनी नासिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकाची अखेर आईच्या मृत्यूने होते व तो मृत्यू मुलांपासून लपविलेला नाही. त्याला पराक्रमाचे वलय नाही. दारिद्र्य, आजारपण आणि मुलाची दूर असण्याची खंत एवढेच तेथे आहे. कोटणीसांची कथा मुलांना कशी सांगितली गेली, हे पाहताना ही तुलना उपयोगी पडते.

कोटणीसांचे बालपण गिरण्यांच्या सोलापुरात गेले. १९३० साली या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. भिन्न जातिधर्मांच्या या चौघांची नावे सोलापुरात आजही एकत्रच उच्चारली जातात. कोटणीस त्या वेळी वीस वर्षांचे होते. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले.

जपानच्या आक्रमणास तोंड देणाऱ्या चीनमधून सेनापती चू-तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या जूनअखेर देशाला मदतीचे आवाहन केले, निधी जमला आणि सप्टेंबरच्या प्रारंभी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख. नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बिजयकुमार बसू, देवेश मुखर्जी व कोटणीस हे इतर सदस्य होत. चिनी लोकांनी प्रत्येकाच्या नावाला ‘हुआ’ म्हणजे चीन हे अक्षर जोडले व कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. पथक येनानच्या वाटेवर असतानाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परतण्याचे कारण रास्त होते व मार्गही मोकळा होता. पण ते परतले नाहीत. निष्ठेविषयी मुलांशी बोलताना या निर्णयापाशी थांबावे लागते, कारण येथे एका कर्तव्याचा स्वीकार म्हणजे दुसऱ्याचा त्याग होता. घरचे दुःख सोलापूरच्या घराने एकट्यानेच सोसले. तानाजीच्या कथेत लग्नाचे निमंत्रण व गडाची मोहीम यांत निवड होते, ती वाचकाला सुखाने पटते. येथील निवड तशी पटत नाही, आणि हेच तिचे मोल आहे.

पुढील वर्ष-दीड वर्षात प्रकृतीच्या व अन्य कारणांनी तिघे परतले. मागे बसू व कोटणीस उरले. दोघे १९४० साली आघाडीमागील डोंगराळ सरहद्दी प्रदेशात गेले. बसूंना येनानला परत बोलाविले गेले आणि कोटणीस तेथेच राहिले. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये तेथेच मृत्यू पावले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांकडे आले. एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. चिनी भाषा त्यांनी आत्मसात केली, विद्यार्थ्यांना शिकविले व शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहिले. तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ साली विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या मुलाचे नाव ‘यिन्हुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत व ‘हुआ’ म्हणजे चीन. पुढे साडेतीन महिन्यांतच अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा अंत झाला. सैन्याने सहायक व राष्ट्राने मित्र गमावला, अशा आशयाची श्रद्धांजली माओ-त्से-तुंग यांनी वाहिली.

१९४३ मध्ये बसू एकटेच भारतात आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली इंग्रजीत लिहिलेल्या ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ या पुस्तकाचा मुख्य आधार त्यांच्याच आठवणी होत्या. परत न आलेला एक, हे त्याच्या नावातच आहे. म्हणजे कथेचा सांगणारा परत आलेला मित्र आहे. वियोगकथेची ही सर्वांत प्रामाणिक ठेवण म्हणता येईल. जो राहिला त्याचे शौर्य आणि जो आला त्याची जबाबदारी, या दोन्ही गोष्टी तिच्यात एकदम दिसतात.

या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. त्यात कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली व जयश्री नायिका झाल्या. संगीत वसंत देसाई यांचे होते. कोटणीसांचे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते या चित्रपटामुळे. मात्र कथेचा तोल त्याने बदलला. मित्राची जागा प्रेमकथेने घेतली आणि प्लेगच्या साथीशी झुंज व जपानी सैन्याच्या तावडीतून सुटका हे प्रसंग ठळक झाले. अपस्मारासारख्या रोगाविषयी समाजात संकोच असतो. वीराच्या चरित्रात तो कसा मांडावा, हा लेखकांपुढचा पेच समजण्याजोगा आहे. मराठीतील कुमारांसाठीची लहान चरित्रे व शालेय स्वरूपाचे लेखनही पुष्कळदा त्याच वळणाने गेले. आगबोटीचा प्रवास, बॉम्बवर्षाव व अखंड शस्त्रक्रिया यांना त्यात विस्ताराने जागा मिळते. बसू एका वाक्यात उरकतात, आणि मृत्यू ‘अतिश्रमाने’ एवढ्या शब्दाने झाकला जातो. श्रम होतेच. परंतु रोगाने ग्रासलेला असूनही काम न सोडणारा माणूस साथीला बळी पडलेल्या वीरापेक्षा मुलांना दूरचा वाटेल, ही समजूत बरोबर नाही; ‘श्यामची आई’ने ती पूर्वीच खोटी ठरविली आहे.

१९६२ च्या युद्धानंतर चिनी मैत्रीची ही कथा भारतात सांगणे सोपे राहिले नाही. तिचा पुढील भागही मुलांपर्यंत फारसा पोहोचला नाही. यिन्हुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ साली, वयाच्या २४ व्या वर्षी मरण पावला. छिंगलान यांनी भारताला अनेकदा भेटी दिल्या व सासरच्या कुटुंबाशी नाते अखेरपर्यंत राखले. २०१२ साली दाल्येन येथे त्यांचे निधन झाले. बसू यांनी चीनमध्ये सूचिचिकित्सा शिकून ती भारतात रुजविली. पथकाच्या काळातील त्यांची दैनंदिनी ‘कॉल ऑफ येनान’ या नावाने १९८६ साली प्रसिद्ध झाली.

शिज्याझ्वांग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत कोटणीसांची समाधी व पुतळा आहे. चीनने १९८२ मध्ये व भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. सोलापुरात भैय्या चौकातील त्यांच्या जुन्या घराचे महानगरपालिकेने स्मारकात रूपांतर केले आहे.