जॉप्लिनची चोवीस मिनिटं

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, नैर्ऋत्य कोपऱ्यात, कॅन्सस आणि ओक्लाहोमाच्या सीमेजवळ जॉप्लिन हे गाव आहे. शिसं आणि जस्ताच्या खाणींवर वाढलेलं, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. गावाचा मोठा भाग जॅस्पर काउंटीत, दक्षिणेकडचा न्यूटन काउंटीत.

या भागाला टोर्नेडो नवा नव्हता. १० मे २००८ रोजी ओक्लाहोमातलं पिचर गाव उद्ध्वस्त करून एक टोर्नेडो न्यूटन काउंटीत शिरला होता. दोन राज्यांत मिळून २१ माणसं गेली. जॉप्लिन तेव्हा थोडक्यात बचावलं. अशा संकटांसाठी २००० सालच्या केंद्रीय कायद्याने काउंट्यांना आपत्तीचा आराखडा करावा लागतो, त्याशिवाय प्रतिबंधाच्या कामांना निधी मिळत नाही. वारा कुठून येतो, किती वेळा येतो, किती नुकसान करतो, हे त्यात मांडलेलं असतं. वारा आल्यावर माणूस नेमका कुठे जाणार, हा प्रश्न मात्र मागे पडतो. जॉप्लिनमध्ये त्याचं उत्तर माणसांना मिनिटांत शोधावं लागलं.

रविवार, २२ मे २०११, सकाळ

हवा दमट, जड. महिनाभरापूर्वीच, २७ एप्रिलला, अलाबामा आणि आसपासच्या राज्यांत एका दिवसात तीनशेहून जास्त माणसं टोर्नेडोंनी मारली होती. ती दृश्यं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली होती. तरी गावात एक समजूत मुरलेली होती: वादळं येतात आणि जॉप्लिनला वळसा घालून जातात.

दुपारी १.३०

ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथल्या वादळ अंदाज केंद्राने या टापूसाठी ‘टोर्नेडो वॉच’ जाहीर केला, रात्री नऊपर्यंतचा. वॉच म्हणजे परिस्थिती टोर्नेडोला पोषक आहे, लक्ष ठेवा. प्रत्यक्ष इशारा त्यानंतर येतो. म्हणजे सावध व्हायला चार तास होते. माझ्या मते सगळ्यात मोलाचे आणि सगळ्यात वाया गेलेले तास हेच. म्हाताऱ्या आईला कुठे न्यायचं, शेजारी कोणाकडे तळघर आहे, हे ठरवायची वेळ वॉचची असते. भोंगा वाजल्यावर तेवढी उसंत नसते.

संध्याकाळी ५ च्या सुमारास

जॉप्लिन हायस्कूलचा पदवीदान समारंभ मिसुरी सदर्न स्टेट युनिव्हर्सिटीच्या सभागृहात नुकताच झाला होता. मुलं, आईवडील, आजीआजोबा गाड्यांतून गावभर पांगले. कोणी घरी निघालं, कोणी जेवायला. रविवार असल्यामुळे दुकानांतही गर्दी होती.

५.०९

स्प्रिंगफील्डच्या हवामान कार्यालयाने पहिला टोर्नेडो इशारा दिला. तो मुख्यतः उत्तरेकडून सरकणाऱ्या वादळासाठी होता. जॉप्लिनचा काही भाग त्या पट्ट्यात येत होता.

५.११

गावातले भोंगे वाजले. तीन मिनिटं वाजले आणि थांबले.

लोक घराबाहेर आले, आकाशाकडे पाहिलं, टीव्ही लावला. उत्तरेकडचं वादळ उत्तरेकडेच राहिलं. त्या काळात अमेरिकेत दर चार टोर्नेडो इशाऱ्यांपैकी साधारण तीन पोकळ ठरत. भोंगा ऐकूनही आपापल्या कामात राहायची सवय इथल्या माणसांना आपोआप झालेली होती. पुढे हवामान खात्याने लोकांशी बोलून जो अहवाल केला, त्यात दिसलं की बहुसंख्यांनी पहिल्या इशाऱ्यावर लगेच आसरा घेतलाच नाही. त्यांना आणखी एक खूण हवी होती: टीव्हीवरच्या निवेदकाचा बदललेला आवाज, शेजाऱ्याचा फोन, डोळ्यांना दिसलेलं काहीतरी. याला मी बेफिकिरी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं खोटे पडलेले भोंगे ऐकून माणूस असाच वागतो. आराखडा करणाऱ्याने हे वागणं गृहीत धरूनच आखणी करायला हवी.

५.१७

दुसरा इशारा आला. या खेपेला दुसऱ्याच, दक्षिणेकडच्या वादळासाठी, आणि ते थेट जॉप्लिनच्या रोखाने येत होतं. पण भोंगे पुन्हा वाजले नाहीत. पहिला भोंगा कशासाठी होता आणि हा इशारा कशासाठी आहे, हे वेगळं करून सांगणारं घरात कोणी नव्हतं. धोका टळला असं ज्यांना वाटलं, त्यांच्यासाठी तो खरं म्हणजे आत्ता सुरू होत होता.

इथून टोर्नेडो गावातल्या मोठ्या इस्पितळावर आदळेपर्यंत चोवीस मिनिटं होती. एका माणसाला कोपऱ्यावरच्या भक्कम इमारतीत पोचायला एवढा वेळ रग्गड. अडचण अशी की तशी इमारत नव्हतीच. सार्वजनिक आसरा म्हणून ठरवलेली एकही जागा गावात नव्हती, आणि ८२ टक्के घरांना तळघर नव्हतं. खाली खडक लागतो, खोदाई महाग पडते, म्हणून घरं काँक्रीटच्या लादीवर किंवा जमिनीपासून थोडी उचलून बांधलेली. ‘तळघरात जा’ हे वाक्य दर इशाऱ्यात असतं. इथे पाचातल्या चार घरांना ते लागूच नव्हतं.

५.३४

गावाच्या पश्चिमेला, काउंटीच्या मोकळ्या रस्त्यांजवळ टोर्नेडो जमिनीला टेकला. काही क्षणांत तो फुगला. पावसाच्या पडद्यात गुंडाळलेला असल्यामुळे सोंडेसारखा आकार फारच थोड्यांना दिसला. बाकीच्यांना दिसली ती काळी भिंत.

५.३८

भोंगे दुसऱ्यांदा वाजले. पश्चिमेकडच्या मोहल्ल्यांना आता दोन-तीन मिनिटं उरली होती.

५.४१

सेंट जॉन्स हे नऊ मजली इस्पितळ. तिथे त्या दिवशी १८३ रुग्ण होते. वादळाची आतली घोषणा झाली होती आणि परिचारिकांनी रुग्णांना खिडक्यांपासून दूर, मधल्या बोळांत आणायला सुरुवात केली होती. कोणाची खाट ढकलून, कोणाच्या अंगावर गाद्या-उशा टाकून. मग खिडक्या फुटल्या, वीज गेली, आवारातला राखीव वीजपुरवठाही गेला. श्वास देणारी यंत्रं बंद पडली आणि त्यांवर असलेले काही रुग्ण वाचले नाहीत. भिंतीवरची घड्याळं ५.४१ वर थांबली होती.

इमारतीचा सांगाडा उभा राहिला. निकामी झालं ते आतलं इस्पितळ. काचा, छप्पर, वायुवाहिन्या, वीज, गॅस सगळं गेलं. टिकल्या त्या मानसोपचार विभागाच्या खिडक्या, कारण रुग्णांनी काच फोडू नये म्हणून तिथे आधीपासूनच मजबूत, थरांची काच बसवलेली होती. एकाच इमारतीत एका मजल्यावर काच टिकली आणि बाकी मजल्यांवर फुटली. वाऱ्यासमोर काहीच टिकत नाही म्हणणाऱ्याने हा तपशील लक्षात ठेवावा. इस्पितळाच्या माणसांनी दीड तासात सगळे रुग्ण खाली आणले, अंधारात, जिन्यांवरून, काही दारांच्या फळ्यांवर निजवून.

पुढची दहा-बारा मिनिटं

टोर्नेडो पश्चिमेकडून पूर्वेकडे गाव कापत गेला. काही ठिकाणी त्याची रुंदी मैलाच्या जवळपास होती. वाऱ्याचा वेग ताशी २०० मैलांच्या, म्हणजे ३२० किलोमीटरच्या वर. टोर्नेडोच्या तीव्रतेच्या मोजपट्टीवरची शेवटची पायरी, ईएफ-५.

रेंज लाइन रोडवरची मोठी दुकानं त्याच्या वाटेत होती. होम डेपोच्या भिंती काँक्रीटच्या प्रचंड फरशांच्या होत्या, जमिनीवर ओतून मग उभ्या केलेल्या. अशा इमारतीत छपरानेच भिंती धरलेल्या असतात. वाऱ्याने छप्पर उचललं, की भिंतींना आधार उरत नाही आणि त्या अख्ख्या आडव्या होतात. दर्शनी दाराजवळ थांबलेल्या माणसांवर त्या कोसळल्या. मागच्या प्रशिक्षण खोलीत गेलेले वाचले. एका पेट्रोल पंपाच्या दुकानात वीसेक माणसं बिअर ठेवायच्या शीतकपाटात कोंबून बसली आणि जिवंत बाहेर आली. दुसरीकडे एका पिझ्झा दुकानाच्या व्यवस्थापकाने सगळ्यांना शीतगृहात घातलं, दार आतून बंद होईना म्हणून दोरीने धरून ठेवलं. आतले बरेच वाचले, तो वाचला नाही. ऐन वेळी माणसांनी शोधलेले आसरे हे होते, आणि ते शोधायचं ओझं त्यांच्यावर टाकायला नको होतं.

६.१२

बावीस मैलांची वाट तुडवून टोर्नेडो विरला. गावात हजारो घरं पडली किंवा मोडकळीला आली. मृतांचा आकडा १६१ झाला. अमेरिकेत १९५० पासून नीट नोंदी ठेवल्या जातात, त्यातला हा सर्वांत प्राणघातक एकटा टोर्नेडो. जखमांतून शिरलेल्या एका दुर्मीळ बुरशीने तेरा जणांना गाठलं, त्यातले पाच दगावले. माती आणि लाकडाच्या कपच्या खोल घुसलेल्या जखमा कशा हाताळायच्या, हेही तयारीतच धरावं लागतं.

नंतर

राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, तीन वर्षांनी अहवाल दिला. वारा, इमारती, इशारे आणि माणसांचं वागणं हे सगळं त्यांनी एकत्र तपासलं. १६१ पैकी १३५ मृत्यू इमारती कोसळल्यामुळे झाले होते.

२०१२ पासून मिसुरी-कॅन्ससच्या कार्यालयांनी इशाऱ्याची भाषा बदलून पाहिली: काय होऊ शकतं ते नेमकं सांगायचं. त्याच वर्षी जॉप्लिनकरांनी शाळांसाठी ६.२ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, आणि नव्या शाळांत वादळ झेलणाऱ्या खोल्या बांधल्या गेल्या. नवं इस्पितळ २०१५ मध्ये उघडलं, मजबूत काचांसह. त्याच वर्षीच्या बांधकाम संहितेने सर्वाधिक जोखमीच्या पट्ट्यातल्या नव्या शाळांना आणि आपत्कालीन केंद्रांना आसरा सक्तीचा केला.

जुनी घरं मात्र या नियमांत येत नाहीत, आणि माणसं राहतात ती बहुतेक जुन्याच घरांत. काउंटीचा आपत्तीचा आराखडा दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. तळघर नसलेली घरं कोणत्या वस्तीत आहेत? ट्रेलरच्या वस्तीपासून जवळचा आसरा चालत किती मिनिटांवर आहे? रविवारी संध्याकाळी त्याचं कुलूप कोण उघडणार? गाडी नसलेल्या, व्हीलचेअरवरच्या माणसाला कोण आणणार? हे चार प्रश्न त्या आराखड्यात भोंग्यांच्या संख्येआधी यायला हवेत.

सेंट लुइस, कॅन्सस सिटी, शिकागो इथे आता कितीतरी मराठी घरं आहेत. घर बघताना शाळा आणि बाजार विचारतात, तसंच तळघर आहे का तेही विचारावं. नसेल तर खालच्या मजल्यावरची, मधली, खिडकी नसलेली एक खोली आधीच ठरवून घ्यावी, न्हाणीघर किंवा कपड्यांची खोली. तिथे मुलांची सायकलची हेल्मेटं, विजेरी आणि सगळ्यांचे बूट ठेवावेत, कारण बाहेर पडताना पायाखाली फुटक्या काचा आणि खिळे असतात.