दुसऱ्या काट्याचं काय?

दहावीत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो होतो, "नानासाहेब पेशव्यांनी मराठ्यांचं आरमार स्वतःच्या हातानं जाळलं!" टाळ्या पडल्या. बक्षीसही मिळालं. बऱ्याच वर्षांनी विजयदुर्गाच्या तटावरून वाघोटनची खाडी बघताना ते भाषण आठवलं आणि ओशाळल्यासारखं झालं. तोवर थोडं वाचून झालं होतं. नानासाहेबांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला देता येत नव्हतं.

गोष्ट अशी. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्या मुलांत भाऊबंदकी सुरू झाली आणि ती मिटवताना पहिल्या बाजीरावांनी घराणंच दोन ठिकाणी वाटून दिलं. कुलाबा मानाजीकडे गेला, दक्षिणेकडचे किल्ले संभाजीकडे. संभाजीनंतर विजयदुर्गावर आला तुळाजी. माणूस जबरदस्त. सिद्दीकडून अंजनवेल आणि गोवळकोट त्यानेच जिंकून घेतले. समुद्रावर इंग्रज आणि डच दोघेही त्याला वचकून असत. आपलं दस्तक न घेता कोकणच्या समुद्रातून कुणी जहाज न्यायचं नाही, हा कान्होजींचा दंडक त्याने सोडला नव्हता.

पण तो पुण्यालाही जुमानत नव्हता. पेशव्यांचा हुकूम मानायचा नाही, शेजारच्या सरदारांच्या मुलखात शिरायचं, असं चाललेलं. नानासाहेबांच्या नजरेतून बघा. एका सरदाराने असं वागलेलं खपवून घेतलं, तर उद्या दुसरा तेच करणार. त्याला वठणीवर आणणं भागच होतं. फौज भरपूर होती, पण घोडदळ सुवर्णदुर्गाला काय करणार? तो किल्ला समुद्रात उभा आहे. त्यासाठी जहाजं हवीत. ती होती मुंबईकर इंग्रजांकडे, आणि तुळाजी त्यांनाही नकोच होता.

काट्याने काटा काढायचा, एवढंच.

मार्च १७५५ मध्ये करार झाला. पेशव्यांच्या बाजूने सुभेदार रामाजी महादेव होते. समुद्रावरची सगळी कारवाई इंग्रजांच्या हुकमाखाली चालेल, किल्ले पेशव्यांना मिळतील आणि कामाच्या मोबदल्यात इंग्रजांना बाणकोट मिळेल, असं ठरलं. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने काही दिवसांतच सुवर्णदुर्ग घेतला. करारानुसार तो पेशव्यांच्या ताब्यातही आला. गोष्ट इथेच थांबली असती, तर आपण तिला मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून शिकलो असतो.

पुढच्या हंगामात ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह मुंबईत होते. ते आले होते दख्खनेत फ्रेंचांशी लढायला. तो बेत बारगळला. मग हाताशी असलेलं आरमार आणि शिपाई विजयदुर्गाकडे वळले. निघण्याआधीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीत कुणाचा किती वाटा हे आपसात ठरवून टाकलं होतं. त्यात मराठ्यांचा वाटा नव्हता.

फेब्रुवारी १७५६. तुळाजी तहाच्या बोलण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेलेला. इंग्रजांनी तोफांचा भडिमार केला. एका जहाजाने पेट घेतला. शेजारी शेजारी बांधून ठेवलेल्या गुराबा आणि गलबतं एकामागून एक जळत गेली. क्लाइव्हने रात्री शिपाई उतरवले आणि किल्ला व मराठी छावणी यांच्या मधोमध उभे केले. मित्रांना आत जाता येऊ नये म्हणून! दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांनी घेतला. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी वाटून घेतली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला, तो कायमचा.

किल्ला परत मिळवायला पेशव्यांना ऑक्टोबरपर्यंत घासाघीस करावी लागली. त्या महिन्यातल्या तहाने विजयदुर्ग परत आला आणि सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट इंग्रजांकडे पक्कं झालं.

आता जरा मागे जाऊ. या करारापूर्वी सुमारे चाळीस वर्षं रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं. त्यात टोपीकरांबद्दल स्पष्ट इशारा आहे. हे साधे सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. त्यांना वखारीला जागा द्यायची वेळ आलीच, तर ती किनाऱ्यावर किंवा खाडीच्या तोंडाशी देऊ नये. बाणकोट नेमकं खाडीच्या तोंडाशी आहे.

म्हणजे दूरचं पाहणारा विचार आपल्याकडे नव्हता असं नाही. तो लिहूनही ठेवलेला होता. पण समोर तुळाजी असताना त्याची आठवण करून देणं हे दरबारात कुणाचंच काम नव्हतं.

मग इंग्रज फार दूरदर्शी होते का? मला तसं वाटत नाही. वॉटसन आणि क्लाइव्ह दुसऱ्याच कामाला आले होते आणि त्यांचा जीव लुटीत अडकला होता. पलाशीची लढाई अजून सव्वा वर्ष लांब होती, तिचा विचारही कुणाच्या डोक्यात नसावा. फरक एवढाच की, मुंबईतले गव्हर्नर बदलत, कौन्सिलातली माणसं बदलत, पण दप्तर तेच राहायचं आणि प्रश्नही तोच राहायचा: आपल्या जहाजांना या समुद्रात कोण अडवतं? पुण्यात मात्र पेशवा बदलला की प्रश्न बदलत.

माझ्या भाषणातलं वाक्य अर्धवट होतं ते इथे. आरमार काही त्या दिवशी संपलं नाही. विजयदुर्गावर पुढे धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचं आरमार उभं राहिलं. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' हे जहाज पकडलंही. पण समुद्रावर इंग्रजांना रोज हिशेबात धरावं लागेल अशी आंग्र्यांची दहशत परत आली नाही. तुळाजीला वाकवायला हवं होतं. त्याची जहाजं मात्र वाचवायला हवी होती, आणि समुद्रावरचा हुकूम इंग्रजांच्या हाती दिल्यावर ते पेशव्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला दुसऱ्या बाजीरावांच्या फौजेचा पराभव केला. पेशवे पुणे सोडून पळाले, कोकणात उतरून महाडला आले. महाड सावित्रीच्या काठी, आणि त्या नदीच्या मुखावर, बाणकोटला, इंग्रज. पेशवे तिथून सुवर्णदुर्गाला गेले आणि पुढे इंग्रजांच्या जहाजातून वसईला. ३१ डिसेंबरला तिथे तह झाला. सहा हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी राजकारण करायचं नाही, अशी अट.

१७५५ मुळेच १८०२ घडलं, असं मी म्हणणार नाही. मधे पानिपत आहे, घरातली भांडणं आहेत, सत्तेचाळीस वर्षं आहेत. पण सुवर्णदुर्ग तोच होता. एकदा पेशव्यांसाठी इंग्रजांनी तो जिंकला. दुसऱ्यांदा इंग्रजांची मदत घेऊनच पेशवे तिथून निघाले.

आता कुठल्या दोन देशांनी तिसऱ्याविरुद्ध हातमिळवणी केल्याची बातमी फोनवर दिसली की मी आधी कोण कुणाच्या बाजूला हे बघायचं सोडून दिलंय. मी बघतो, काम झाल्यावर बंदर कुणाच्या ताब्यात राहणार आहे. आणि पुन्हा ते भाषण करायची वेळ आली, तर मूठ न आपटता एवढंच विचारेन: पहिला काटा निघाला, दुसरा कुठे ठेवलात?