तंबोऱ्याचे लाकूड आणि भीमाकाठचा भोपळा

हुमनाबादजवळच्या माणिकनगरला श्रीमाणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) काळापासून गाण्याबजावण्याची परंपरा आहे. त्यामुळे बिदर-कलबुर्गीच्या मराठी घरांना तंबोरा नवा नाही. तो मिरजेचा असला म्हणजे जाणकार समाधानाने मान डोलावतात. त्या मिरजेच्या तंबोऱ्याची ही कुळकथा.

शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे कारागीर. संस्थानांची शस्त्रे म्यानात गेली आणि त्यांचा धंदा बसला. १८५० च्या सुमारास मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली. पटवर्धन संस्थानिक गाण्याचे दर्दी होते, त्यामुळे आश्रयही मिळाला. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते गेले, पण मीरासाहेबांच्या दर्ग्यातील उरुसात आजही गवई हजेरी लावतात. गवई आणि कारागीर एकाच गावात असल्याने वाद्यातला दोष लगेच कळे आणि लगेच सुधारे.

तंबोऱ्याची दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची असते. तूण तांबूस, वजनाला हलकी, कापायला सोपी. तिला कीडही सहसा लागत नाही. कारागीर सरळ रेषांचे, बिनगाठीचे लाकूड निवडतो, कारण गाठीपाशी नाद अडतो. ओंडका आणला की लगेच कामाला घेत नाहीत. फळ्या कापून, मध्ये हवा खेळेल अशा रचून सावलीत ठेवतात. उन्हात घाईने वाळवलेले लाकूड तडकते आणि ओले वापरले तर दांडी वाकते, सांधे उघडतात. वाळलेल्या फळीवर बोट वाजवले की ती खणखणीत बोलते. ओली मात्र बद्द वाजते.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातून. हा कडू, जाड सालीचा भोपळा खाण्याचा नव्हे, फक्त वाद्याचा. पूर्ण वाळल्यावर तो भिजवून कापतात, आतला गर काढतात आणि तोंडाला आकार देतात. तीच भीमा पुढे आपल्या गाणगापुराला येते आणि रायचूरच्या उत्तरेला मिरजेच्या कृष्णेला मिळते. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी या नद्यांचे आणि या वाद्याचे नाते बदलले नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण कागदावरच्या मानाने वाद्य वाजत नाही. आज भजनाला मोबाईलमधला तंबोरा पुरतो आणि माळ्यावरचा खरा तंबोरा भोपळ्याला तडा गेला म्हणून अडगळ ठरतो. भोपळा सांधता येतो, ते न जमल्यास बदलता येतो. जवारीही नव्याने काढता येते. आजोबांच्या काळापासून मुरत आलेले लाकूड मात्र बाजारात विकत मिळत नाही. म्हणून या गणेशोत्सवात प्रत्येकाने आपला माळा एकदा पाहावा, आणि तंबोरा सापडला तर भंगारवाल्याआधी मिरजेच्या कारागिराला दाखवावा, ही विनंती.