विंचूदंश : वेदना, विष आणि रायगडमधील शोध

१/ कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी सरपणाची मोळी उचलताना किंवा पेंढ्याची उडवी मोडताना नांगी बसली, की माणूस कळवळतो. पूर्वी अशा वेळी ‘विंचू उतरवणारा’ बोलावला जाई. बहुतेकांची वेदना काही तासांत ओसरे आणि श्रेय मंत्राला मिळे. काही जण मात्र दगावत. असे का?

२/ प्रथम वेदनेचे रसायन पाहू. १९३१ मध्ये लंडनमध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांना ‘सबस्टन्स पी’ सापडले. संवेदी चेतापेशी वेदनेचा निरोप मेरुरज्जूपर्यंत पोहोचवताना हे पेप्टाइड वापरतात, हे पुढे उलगडले.

३/ हे पेप्टाइड अवघ्या ११ अमिनो आम्लांचे. चेतापेशीत आधी लांबलचक प्रथिन तयार होते. विकरे, म्हणजेच एन्झाइम, ते कापून निरोप्या घडवतात. काम झाल्यावर नेप्रिलायसिनसारखी विकरे त्याचेच तुकडे करतात. निरोप घडवणारी कात्री विकरांची आणि तो संपवणारीही.

४/ विंचवाचे विषही पेप्टाइडांचेच. पण गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेले. लाल विंचवाचे विष चेतातंतूंची सोडियमची दारे उघडी धरून ठेवते. मग अ‍ॅड्रेनलिनवर्गीय संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते.

५/ १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी बारकाईने नोंदी ठेवल्या. केवळ वेदना असलेले रुग्ण बहुधा वाचत. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही खरी धोक्याची घंटा होती. १९८२ मध्ये ही लक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

६/ रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे औषध त्यांनी या रुग्णांना दिले. १९८६ मध्ये तो अनुभवही ‘लॅन्सेट’ने छापला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले.

७/ २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. मंत्राने वेदना मोजली. मृत्यू मात्र घामातून आणि गार हातापायांतून येत होता. ज्याने तिकडे पाहिले, त्याने माणसे वाचवली. आजही दंशानंतर पहिली धाव रुग्णालयाकडेच हवी.