गणकयंत्रांतील चुकीचा शोध

पैठणच्या नाथसागरांतून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यांत येतो. शेवटच्या शेताला पाणी पोंचलें नाहीं, तर नुसतें शेत पाहून कारण कळत नाहीं. वाटेंतील एकेका दारापाशीं थांबून पाण्याची पातळी पाहावी लागते. गणकयंत्राच्या आज्ञावलींतील चूक शोधण्याची रीतहि अशीच आहे. त्या कामीं येणाऱ्या साधनाला ‘डीबगर’ म्हणतात.

केंब्रिज येथील ‘एडसॅक’ हें यंत्र १९४९ च्या मे महिन्यांत चालूं झालें. आयुष्याचा मोठा भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका हुडकण्यांत जाणार, हें त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांना लौकरच उमगलें. एकानें यंत्र थांबवून चूक शोधीत बसावें, तर इतरांना तिष्ठत राहावें लागे. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनीं १९५१ सालीं उपाय मांडला: तपासणीच्या आज्ञावलीनें दुसरीची एकेक आज्ञा वाचावी, ती पार पाडावी आणि काय घडलें तें छापून द्यावें. पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ सिद्ध झालें. तेथेंहि आज्ञावली यंत्राच्याच अंकभाषेंत लिहावयाची असे. एक अंक चुकला तरी सारें गणित बिघडे.

प्रत्येक आज्ञेची अशी झडती घेतली कीं काम फार मंदावतें. म्हणून हल्लींचा डीबगर संशयाच्या जागींच थांबतो. तेथील मूळ आज्ञा जपून ठेवून तिच्या जागीं तो ‘थांब’ ही आज्ञा बसवितो. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ प्रोसेसरांत ती एकाच बाइटची आहे. त्यामुळें शेजारची आज्ञा पुसली जात नाहीं. यंत्र तेथें पोंचतांच ताबा डीबगरकडे येतो व तो स्मृतींतील मूल्यें दाखवितो. नंतर मूळ आज्ञा परत बसवून तो एकच पाऊल टाकवितो, ‘थांब’ पुन्हां मांडतो आणि आज्ञावली पुढें सोडतो. यंत्रांतील कोणती आज्ञा मूळ लेखनांतील कोणत्या ओळीची, हें कंपायलरनें मागें ठेवलेल्या कोष्टकावरून त्याला कळतें.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८६ सालीं रचलेला ‘जीडीबी’ आजहि वापरांत आहे. त्याची घडण सर्वांस खुली असल्यानें परभणीचा विद्यार्थीहि ती विनामूल्य वाचूं शकतो. मात्र काय घडलें एवढेंच डीबगर दाखवितो. काय घडावयास हवें होतें, तें पाहणाऱ्याला आधीं ठाऊक असावें लागतें.